मायेचा वास

शैलजा मगदूमच्या अंगाचा वास आता देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात मिळत होता. बोटाएवढ्या, कातडीच्या रंगाच्या पट्टीत तो भरलेला असे. पट्टी मानेवर, कानाच्या जरा खाली चिकटवायची. माणसाच्या नाकाला त्यातलं काही कळत नसे, पण ‘सोबत’ केंद्रात वाढलेला कुठलाही कुत्रा ती पट्टी लावलेल्या माणसाकडे असा धावत येई, जणू जन्मभर त्याचीच वाट बघत होता.

शैलजा मिरजेची. नवरा बाहुबली जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. रस्त्यावर आई मेलेली पिल्लं तो घरी आणायचा आणि शैलजा त्यांना कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवायची. घर जैनांचं, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी गाळून प्यायचं, मुंगी दिसली तरी फुंकर मारून बाजूला करायची. नवरा गेला तरी पिल्लं येत राहिली. एकुलती मुलगी प्रांजली त्या पिल्लांच्या घोळक्यातच मोठी झाली आणि पुढे बंगळूरला जाऊन कुत्र्यांच्या मेंदूवर संशोधन करू लागली.

कुत्र्यांना स्कॅनरमध्ये न हलता पडून राहायला शिकवता येतं. तसं शिकवून प्रांजली त्यांच्या नाकाशी वेगवेगळे वास धरायची: मटणाचा, दुसऱ्या कुत्र्याचा, परक्या माणसाचा, आणि ज्याने त्याला वाढवलं त्या माणसाचा. मेंदूच्या आत खोलवर एक छोटा भाग असतो. काहीतरी सुखाचं आता मिळणार, अशी आशा लागली की तो जागा होतो. मटणाच्या वासाने तो जागा व्हायचाच, पण आपल्या माणसाच्या वासाने जितका व्हायचा तितका कशानेच होत नव्हता. ते माणूस त्या क्षणी दुसऱ्या गावी असलं तरी फरक पडत नसे.

इथवरचं बऱ्याच जणांना माहीत होतं. प्रांजलीने त्यापुढचं शोधलं. माणसाच्या कातडीतून शेकडो द्रव्यं हवेत उडत असतात. त्यातली बरीचशी साबणाने, आजाराने, खाण्यापिण्याने बदलतात. पण मूठभर द्रव्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण आयुष्यभर तसंच राहतं आणि कुत्रा माणूस ओळखतो तो त्यावरून. पिल्लाचे डोळे उघडल्यापासून पुढचे अडीच-तीन महिने ज्या प्रमाणाच्या सहवासात जातात, ते त्याच्या मेंदूत कायमचं कोरलं जातं. प्रांजलीने आईच्या वापरलेल्या लुगड्यावरून ते प्रमाण काढलं आणि प्रयोगशाळेत तसंच्या तसं मिश्रण तयार केलं.

त्यातून म्हैसाळ रस्त्यावर ‘सोबत’ केंद्र उभं राहिलं. तोवर आजाऱ्यांना धीर देणारा कुत्रा तयार करायला दोन वर्षं लागत, आणि तरी त्याला कुणाचा लळा लागेल, कुणाचा नाही, याचा भरवसा नसे. इथे शैलजा पिल्लांना तीन महिने मांडीवर वाढवायची आणि मोठे झाले की ते कुत्रे दवाखान्यांत जायचे. रुग्णाच्या मानेवर पट्टी लावली की काम झालं. मन वळवायला नको, ओळख करून द्यायला नको.

पहिल्या वेतातली पिल्लं सुगीच्या दिवसांत आली होती, म्हणून शैलजाने त्यांना धान्यांची नावं ठेवली. राळा, वरई, नाचणी, आणि सगळ्यांत आधी डोळे उघडलेला हुरडा. हुरड्याची पहिली रुग्ण तिने काचेआडून पाहिली. साखर कारखान्यात बॉयलर फुटून भाजलेली एक तरुण मुलगी. चेहरा ओळखू येत नव्हता. तिने आईलाही जवळ येऊ दिलं नव्हतं. तिच्या मानेवर जेवढी धड कातडी उरली होती, तिथे नर्सने पट्टी लावली. हुरडा आत गेला, पलंगावर पुढचे पाय टेकवून उभा राहिला, आणि त्याने आपलं डोकं तिच्या उघड्या तळहातात ठेवून दिलं. मुलीची बोटं हळूहळू मिटली. तिची आई दाराशी उभी राहून रडत होती. शैलजाही रडली.

घरी जाताना तिने प्रांजलीला विचारलं, “त्याला ती पोरगी म्हणजे मीच वाटली का गं?”

प्रांजली हसली. म्हणाली की, वाटणं कुणाला मोजता येत नाही, ओढ मोजता येते.

पुढची काही वर्षं ओढीचीच होती. केंद्र वाढलं, पट्टी दवाखान्यांतून घरांत गेली, एकटे राहणारे लोक कुत्रा आणि पट्ट्या घेऊन जाऊ लागले. शैलजाला केंद्रातले सगळे अक्का म्हणत. पाहुणे आले की तिच्या पाया पडत.

आणि मग एका सकाळी हुरडा परत आला.

त्याला कोल्हापूरला एका गृहस्थांच्या घरी दिलं होतं. त्यांचा पाय अधू झाला होता, बायको वारली होती. कुत्रा लंगडतो, बदलून द्या, असा निरोप त्यांनी पाठवला होता. केंद्रातल्या डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढला आणि शैलजाला न बोलवता प्रांजलीलाच बोलावलं. पण शैलजाला कुणीतरी सांगितलंच. ती पोचली तेव्हा फोटो पडद्यावर होता. मागचा पाय मोडून वेडावाकडा जुळलेला. बरगड्यांवर गाठी, काही जुन्या, काही ताज्या. डॉक्टर म्हणाले, हे एकदा पडून झालेलं नाही.

हुरडा कोपऱ्यात होता. शैलजाने त्याला हाक मारली. तो पोटावर सरपटत तिच्याकडे आला. शेपूट जमिनीवर आपटत होती आणि मागे लघवीचा ओला पट्टा उमटत होता. तिच्या पायाशी येऊन तो उताणा झाला. तिने त्याला उचलावं म्हणून हात पुढे केला, तर त्याने डोळे घट्ट मिटले, मान एका बाजूला वळवली आणि तसाच थांबून राहिला. मार पडायची वाट बघत. मार पडला नाही, तेव्हा त्याने डोळे उघडले आणि तिची बोटं चाटायला लागला.

डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, तेव्हा तो निवांत होता. केंद्रातला झाडलोट करणारा जवळ आला, तेव्हाही निवांत होता. शैलजा जवळ आली की मात्र तो थरथरायचा आणि शेपूट हलवायचा, दोन्ही एकदम.

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

“त्या माणसाने नाही मारलं याला,” ती प्रांजलीला म्हणाली. “याच्या लेखी मीच मारलंय. इतकी वर्षं रोज मीच मारत होते.”

प्रांजलीने तिला उठवलं, पाणी दिलं. तिलाही धक्का बसला होता. त्या ग्राहकाला पुन्हा कुत्रा देणार नाही, असं तिने संध्याकाळपर्यंत केंद्राच्या संचालकांकडून वदवून घेतलं. संचालकांनी फक्त एवढं जोडलं की, काही आठवडे समुपदेशन करून घेतलं तर त्या ग्राहकाच्या अर्जाचा पुन्हा विचार करता येईल.

शैलजाने चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी कुणाला न सांगता बसने कोल्हापूर गाठलं. गृहस्थांचं नाव दिगंबर खराडे. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले. घर लख्ख, पुस्तकं ओळीने लावलेली. ती केंद्रातून आली आहे एवढं कळल्यावर त्यांनी तिला बसवलं, काठी टेकत आत जाऊन स्वतः चहा करून आणला. मानेवर पट्टी अजून होती. कुत्रा गेला तरी काढावीशी वाटत नाही, असं ते म्हणाले.

आपण भांडायला आलो आहोत हे शैलजाला आठवत होतं. पण तिने एवढंच विचारलं की, का मारलंत.

खराड्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं त्यात लपवाछपवी नव्हती. अपघातानंतर त्यांचा स्वभाव तापट झाला. मुलगा दूर गेला, सून बोलेनाशी झाली, बायको होती तोवर सोसत होती, तीही गेली. हुरडा आला, तेव्हा पहिले काही महिने ते फार सुखात होते. मग एकदा संतापाच्या भरात काठी बसली. ते घाबरले की, आता हाही जाणार. तो गेला नाही. केकाटत बाहेर पळाला आणि परत येऊन मांडीवर डोकं ठेवून बसला.

“तेव्हा बाई, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी आहे,” खराडे म्हणाले. “पण दुसऱ्या दिवशी शंका आली. कालच्यापुरतंच असेल. मग पुन्हा मारून बघितलं. मी रागाने नाही मारलं त्याला. तो जातो का, तेवढंच बघत होतो.”

ती उठली. दारात खराड्यांनी विचारलं की, नवा कुत्रा साधारण कधी मिळेल. शैलजाने चपला घातल्या आणि जिना उतरली.

मिरजेला आल्यावर तिने प्रांजलीला सगळं सांगितलं आणि हे बंद कर म्हणाली. प्रांजली चिडली नाही. तिने समजुतीने एकेक गोष्ट पुढे ठेवली. हजारो माणसांत असे किती निघतील? भाजलेली ती मुलगी आता नोकरी करते, तिच्यासारख्यांचं काय? शैलजा म्हणाली की, मग मी पिल्लं वाढवणार नाही. त्यावर प्रांजलीने आजवर जे सांगायचं टाळलं होतं ते सांगून टाकलं.

“आई, पिल्लं वाढवायला तूच लागतेस असं आता नाही. पट्टी लावून कुठलीही मुलगी बसली तरी चालतं. दोन वेतं तशीच काढलीत आम्ही. फरक नाही पडला.”

शैलजा त्यानंतर बरेच दिवस केंद्रात गेली नाही. हुरड्याला तिने घरी आणलं होतं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचा आणि तिच्यावरची नजर काढायचा नाही. तिने केस बांधायला हात वर केला तरी मान वळवायचा. एकदा तिच्या हातून पोळपाट पडला, तर तो स्वतःहून सरपटत आला आणि उताणा झाला. त्याला बघता बघताच तिच्या मनात तो विचार आला. आपला वास परत घेता येणार नाही. पण त्या वासाची भीती बसली तर? पिल्लाला पहिल्या तीन महिन्यांत जे शिकवाल ते आयुष्यभर टिकतं, हे प्रांजलीनेच शोधलं होतं. त्या तीन महिन्यांत या वासाने दुखापतच केली, तर पुढे पट्टीचा वास येताच कुत्रा पळून जाईल. एक वेत वाया गेलं की लोक बोलतील, दुसरं गेलं की पट्टीवरचा विश्वास उडेल. हुरड्याला पळता आलं असतं, तर त्याचा पाय मोडला नसता.

तिने प्रांजलीला फोन करून सांगितलं की, घरी करमत नाही, पुढचं वेत मीच वाढवते. प्रांजलीला इतका आनंद झाला की ती फोनवरच रडली.

पिल्लं आली तेव्हा तिने त्यांची नावं ठेवली नाहीत. केंद्राच्या अंगणात कॅमेरे होते, म्हणून ती त्यांना एकेक करून आंघोळीच्या खोलीत न्यायची. पहिल्या दिवशी तिचा हात उठेना. शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका असलेलं एक पिल्लू तिच्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होतं. तिने वर्तमानपत्राची सुरळी केली, डोळे मिटले आणि मारली. हलकीच लागली. पिल्लाला वाटलं, खेळ आहे. मग तिने डोळे उघडून मारली. पिल्लू केकाटलं, कोपऱ्यात पळालं, तिथे क्षणभर थरथरत उभं राहिलं आणि मग खोलीत दुसरं कुणीच नव्हतं म्हणून तिच्याकडेच परत आलं. तिच्या लुगड्याच्या ओच्यात शिरून त्याने तोंड लपवलं.

त्याला पोटाशी धरायचं नाही, हे तिने ठरवलेलं होतं. तिने त्याला ओढून काढलं आणि पुन्हा मारलं.

ती रोज मारत राहिली. सुरळीने होईना तेव्हा लिंबाच्या फोकाने. कधी कान पिरगाळायची, कधी अंगाशी स्टीलचं ताट आपटायची. घरी आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. देवळात जाणं तिने सोडलं; कुठल्या तोंडाने हात जोडायचे, असं तिला व्हायचं. जेवण एक वेळेवर आलं. पांढऱ्या ठिपक्याचं पिल्लू एकदा सुटायला धडपडताना तिच्या हातात त्याचा पंजा मुरगळला आणि ते लंगडायला लागलं. अंगणात पडलं, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. आयुष्यातलं पहिलं खोटं नव्हतं ते, पण त्या दिवशी डॉक्टरांनी ‘अक्का, तुम्ही जिवाला फार लावून घेता’ म्हणून तिला खुर्ची दिली, तेव्हा तिला ती खुर्ची टोचली.

पिल्लं तिला पाहून दचकू लागली होती. तिच्या पावलांचा आवाज आला की सगळी अंगणाच्या भिंतीला चिकटायची. शैलजाला वाटलं, जमलं. आपण जवळ जाऊन बसलो की पिल्लं थरथरत आपल्याकडे येतात, हे तिने पाहिलं होतं. पण लहान आहेत, जातील कुठे, अशी तिने मनाची समजूत घातली. मोठी झाली की पळतील.

तीन महिने संपले आणि पिल्लांची तपासणी झाली. प्रांजली त्या दुपारी घरी आली ती धावतच. हातातल्या टॅबवर आलेख होता. आजवरच्या सगळ्या वेतांच्या रेषा खाली गुंतलेल्या होत्या आणि या वेताच्या रेषा त्यांच्या कितीतरी वर गेल्या होत्या.

“आई, असं कधीच आलेलं नाही,” ती म्हणाली. “पट्टीचा वास दिला की मेंदूचा तो भाग नुसता पेटतो. त्यातही ते लंगडं पिल्लू सगळ्यांत वर आहे. बाकी वेळ ती बिचकतात, पण पट्टी लावलेला माणूस दिसला की त्याला सोडतच नाहीत. ओढून काढावं लागतं. या वेळी तू वेगळं काय केलंस?”

शैलजा आलेखाकडे बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण वर गेलेली रेषा म्हणजे काय, ते कळत होतं. मग तिने सांगून टाकलं. आंघोळीची खोली, सुरळी, फोक, ताट, मुरगळलेला पंजा, सगळं. सांगताना तिचा आवाज चढला नाही. तिला वाटत होतं की हे ऐकून तरी मुलगी हादरेल. जे काम आपल्या आईला असलं काही करायला लावतं, ते ती बंद करेल.

प्रांजली हादरली. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. शैलजाने तिच्या केसांवरून हात फिरवला. खूप दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

रडणं ओसरल्यावर प्रांजली तशीच बसून राहिली. मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी बोलू लागली. इतक्या लहान पिल्लाच्या मेंदूत पळून जायची वाटच तयार झालेली नसते. भीती वाटली की जो जवळ आहे त्याला घट्ट धरायचं, एवढंच त्याला येतं. मारणाराच जवळ असला, तर मारणाऱ्याला. निसर्गात तेच बरोबर आहे. आई चावली म्हणून पळणारं पिल्लू जगणार नाही. म्हणजे भीती जितकी जास्त, तितकी मिठी घट्ट. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. तिने बाहीने डोळे पुसले, टॅब मांडीवर ओढला आणि आईकडे पाहिलं.

“दिवसातून किती वेळा मारायचीस?”

शैलजाने हात पदराखाली ओढून घेतले. तुला त्रास होत असेल तर नंतर बोलू, असं म्हणून प्रांजली आलेख घेऊन गेली.

पुढच्या वेताला शैलजाला बोलावणं आलं नाही. तिला राहवेना म्हणून एका सकाळी ती स्वतःच म्हैसाळ रस्त्याला गेली. फाटकावरच्या माणसाने अक्का म्हणून नमस्कार केला, पण आत सोडलं नाही. पिल्लांच्या भागात आता कुणालाच जाऊ देत नाहीत, असं तो अवघडून म्हणाला. शैलजा कुंपणाच्या कडेकडेने मागच्या बाजूला गेली. आंघोळीच्या खोलीची खिडकी उंचावर होती. आत पट्टी लावून बसणाऱ्या नव्या मुलींपैकी कुणीतरी होती; तिच्या बांगड्या वाजल्या. पाठोपाठ फटका ऐकू आला आणि पिल्लू केकाटलं.

शैलजाने कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली. केकाटणं लगेच थांबलं. ते का थांबलं, हे तिला ठाऊक होतं. पिल्लू त्या मुलीच्या मांडीवर चढलं होतं.